तीनदा उघडलेला मॅनिफोल्ड : जुनं पॅकिंग, नवं पॅकिंग आणि एक सैल स्टड

गाडी २०१२ ची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मीटरवर ८७ हजार किलोमीटर. मालक मालवण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे सर. दर पंधरवड्याला आईला हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला आणतात. कणकवलीवरून फोंडाघाट चढायचा आणि दाजीपूर, राधानगरी करत शहरात यायचं. जानेवारीतल्या एका दुपारी आईंना दवाखान्यात सोडून ते आमच्या गॅरेजवर आले.

"मेस्त्रीनू, सकाळी चालू केलंय की टकटक करता. घाटात चढाक लागली की वाढता. आणि वास येता, आयेचा डोका दुखता."

तिन्ही तक्रारी एकाच जोडाच्या निघाल्या, इंजिनचं हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यातल्या. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा लोखंडी भाग, आणि दोघांमध्ये गळती रोखायला दाबून बसवतात ते पॅकिंग. तिथून गॅस गळत होता. पण तो जोड नीट बंद व्हायला तीनदा उघडावा लागला, एकदा आधीच्या गॅरेजात आणि दोनदा आमच्याकडे. आमच्याकडचं दुसरं उघडणं पूर्णपणे माझ्या चुकीमुळे झालं. सायलेन्सरच्या कामात जुनं पॅकिंग परत बसवायचं की नवं घालायचं, हे गिऱ्हाईक नेहमी विचारतं. माझं उत्तर पूर्वी दोन शब्दांत संपायचं, "नवं घाला". आता ते तेवढ्यावर संपत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आवाज कुणाचा

आदल्या ऑगस्टमध्ये गाडी तापली म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात हेड उतरवलं होतं. हेडचं पॅकिंग बदललं, व्हॉल्व्ह बसवून घेतले. दोन महिन्यांनी टकटक सुरू झाली. सर परत गेले तेव्हा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, सैल आहेत असं सांगून ते सेट करून दिले. आवाज होता तिथेच राहिला.

हा घोटाळा समजण्यासारखा आहे. चार स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. त्यामुळे एका पोर्टवरची, म्हणजे हेडमधून गॅस बाहेर पडतो त्या तोंडावरची, गळती आणि एका टॅपेटचा आवाज यांचा ठेका सारखाच पडतो. नुसत्या कानावर गेलात तर फसता. फरक दोन ठिकाणी दिसतो. गळतीचा आवाज ॲक्सिलरेटर दाबला, चढ लागला की कडक होतो, कारण पोर्टमधला दाब वाढतो. आणि इंजिन थंड असताना तो सर्वांत स्पष्ट असतो. लोखंड तापून फुगलं की फट आवळते आणि आवाज दबतो. सरांनी हे दोन्ही न विचारता सांगितलं होतं.

तरी खात्री करून घेतली. गाडी दोन तास थंड होऊ दिली, चालू केली आणि एकेका इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा, कनेक्टर काढून पाहिला. चौथ्या सिलिंडरचा काढला तशी टकटक थांबली. इथे एक सांगायला हवं. काही जण यासाठी प्लगची वायर काढतात. तसं केलं तर न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जातं आणि तिथे पेटून त्याची जाळी खराब करतं. इंजेक्टर बंद केला की पेट्रोलच जात नाही.

मग इंजिन बंद करून सायलेन्सरच्या शेपटीत ब्लोअर लावला, कडेने चिंध्या कोंबल्या, आणि मॅनिफोल्डच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारलं. चौथ्या पोर्टच्या खालच्या कडेला मोठा फुगा आला. खाली मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप जोडणाऱ्या गोल रिंगेभोवती बारीक फेस आला. मागचे जोड कोरडे.

स्कॅनरवर पी०१७१ हा कोड होता, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याची तक्रार, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १७ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा तेवढं जास्त पेट्रोल सोडत होता. गळतीने आत हवा कशी जाईल, गॅस तर बाहेर येतो ना, असं गॅरेजातल्या आमच्या पोराने विचारलं. प्रश्न चांगला होता. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. सरांची गाडी लिटरला १७ देत होती ती १४ वर आली होती, त्याचं कारण हे. अशा गाडीत सेन्सर बदलून पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत. सेन्सर बिचारा खरंच दिसतं ते सांगत असतो.

राहिला वास. या गाडीत मॅनिफोल्ड इंजिनच्या मागच्या बाजूला, डॅशबोर्डकडच्या भिंतीला लागून आहे. केबिनचा पंखा हवा ओढतो ती काचेखालच्या जाळीतून, म्हणजे मॅनिफोल्डच्या जवळजवळ डोक्यावरून. आणि ही गळती कन्व्हर्टरच्या आधी, म्हणजे कच्च्या गॅसची. गॅरेजात कार्बन मोनॉक्साइडचा छोटा मीटर आहे. तो मागच्या सीटवर ठेवून, बाहेरची हवा घेणारा पंखा लावून गाडी पंधरा मिनिटं आयडलवर ठेवली. आकडा ३८ पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ३८) गेला, म्हणजे घनमीटरला साधारण ४३ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या २००९ च्या हवेच्या मानकांत एका तासाची मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे. या वायूला स्वतःला वास नसतो, वास येतो तो सोबतच्या इतर गोष्टींचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सरांच्या आईंचं, म्हणजे आजींचं, डोकं यानेच दुखत होतं का, हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण हृदयाच्या रुग्णाला मागच्या सीटवर बसवून तासन्‌तास ही हवा द्यायची नाही, एवढं मला कळत होतं. सरांना मीटर दाखवला. ते बराच वेळ गप्प होते.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा

नट निघायला त्रास झाला. समुद्राकाठची गाडी, खारं वारं, स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांवर, गंजाचे पोपडे. गंज सोडवणारं तेल मारून तासभर ठेवलं आणि प्रत्येक नट आधी किंचित घट्ट करून मग सोडला. थेट सोडायला गेलं की स्टड पिळून तुटतो.

मॅनिफोल्ड सुटला तेव्हा आत जुनंच पॅकिंग दिसलं. हेड उतरवताना काढलेलं, तेच परत बसवलेलं, आणि दोन्ही अंगांना लाल सिलिकॉनचा जाड थर. चौथ्या पोर्टभोवतीचं सिलिकॉन जळून त्याची पांढरट भुकटी झाली होती. उरलेलं हाताने सोलून निघत होतं.

हे पॅकिंग म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांचे एकावर एक थर. प्रत्येक पोर्टभोवती पत्र्याला उठावदार कडा काढलेली असते, तिला आम्ही मणी म्हणतो. नट आवळले की तो मणी दबतो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही बाजूंना रेटा देत राहतो. गाडी तापते, थंड होते, जोड थोडा उघडतो, मिटतो. मणी त्याच्यामागे फुगतो आणि बसतो. सगळी राखण या रेट्यात आहे. एकदा दबून, हजार वेळा तापून गेलेला मणी मोकळा केला की पहिल्या उंचीवर येत नाही. डोळ्यांना पॅकिंग अखंड दिसतं, पण त्याचा जोर संपलेला असतो. परत बसवलं तर काही दिवस, कधी काही महिने चालतंही, आणि म्हणूनच लोक परत बसवतात. ग्रॅफाइटच्या पॅकिंगचं वेगळं. मध्ये जाळीदार पत्रा आणि दोन्ही बाजूंना ग्रॅफाइट. ते मऊ असतं, समोरच्या लोखंडाच्या खाचाखोचांत भरतं. काढताना त्याचा अर्धा थर हेडवर राहतो, अर्धा मॅनिफोल्डवर. ते परत बसवायचा प्रश्नच उरत नाही.

सिलिकॉनचा उपाय का टिकत नाही, तेही सांगतो. गाड्यांच्या दुकानात मिळणारं लाल सिलिकॉन साधारण ३४० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं. वॉटर पंप, ऑइल पॅन यांच्यासाठी उत्तम. पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडणारा गॅस चढावर ७००, ८०० अंशांच्या घरात असतो. शिवाय सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर बसून त्याला मंद करते. आणि तिसरी गोष्ट, तिचा विचार फारसं कोणी करत नाही. ओतीव लोखंडाचा ३० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ६०० अंशांनी तापला तर जवळपास २ मिलिमीटर लांब होतो. त्याच्या समोरचं ॲल्युमिनियमचं हेड पाण्याने थंड राहतं, ते ८० अंश चढलं तरी अर्धा मिलिमीटरच वाढतं. म्हणजे दर वेळी गाडी तापताना मॅनिफोल्ड हेडवरून सरकतो, टोकांना सर्वांत जास्त. स्टडची भोकं मॅनिफोल्डमध्ये थोडी मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच. पॅकिंगने हे सरकणं सोसायचं असतं. चिकटवून टाकलं तर ते फाटतं.

एवढं सगळं माहीत असून पुढे मी काय केलं ते बघा. सरांना संध्याकाळी आईंना घेऊन परत निघायचं होतं. घाटात रात्र नको म्हणून घाई. जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन हेच कारण आहे, याची मला इतकी खात्री होती की दुसरं काही शोधलंच नाही. दोन्ही तोंडं साफ केली, कंपनीच्या नमुन्याचं नवं पोलादी पॅकिंग घातलं, खालची गोल रिंग नवी घातली. वरचे नट टॉर्क पान्याने आवळले, ठरलेला जोर लागला की हा पाना टिक वाजतो. खालच्या रांगेतला चौथ्या सिलिंडरचा नट इतक्या अडचणीत आहे की टॉर्क पाना सरळ बसत नाही. तो साध्या रॅचेटने, हाताच्या अंदाजाने आवळला. घट्ट लागला. आवाज गेला, मीटर शून्यावर आला, ट्रिम गावातल्या गावात अधिक ४ वर उतरली. जुनं पॅकिंग मी न बघता भंगारच्या डब्यात टाकलं.

तेवीस दिवसांनी सरांचा फोन आला. टकटक परत सुरू झाली होती.

पॅकिंग वाचायचं असतं

या वेळी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. सर आणि आजी एसटीने परत गेले. केबिनमध्ये ११ पीपीएम, ट्रिम अधिक १२. साबणाचा फुगा पुन्हा चौथ्या पोर्टला, खालच्याच कडेला. रिंग मात्र कोरडी.

मॅनिफोल्ड उतरवला आणि पॅकिंग उजेडात धरलं. आमचा पोरगा म्हणाला, "दादा, तीन आठवड्यांचंच हाय की. पुसून परत बसवूया." मी त्याला ते हातात दिलं आणि म्हटलं, आधी वाच.

काढलेल्या पॅकिंगवर जोडाचा सगळा इतिहास उमटलेला असतो. पहिल्या तीन पोर्टांभोवती मण्याची दबलेली रेघ चकचकीत, अखंड, सगळीकडे सारख्या रुंदीची. तिच्या आत काळं, बाहेर स्वच्छ. जोड नीट बसल्याची ही खूण. चौथ्या पोर्टला वरच्या बाजूला रेघ ठळक होती, खाली येताना बारीक होत गेली होती आणि सात वाजण्याच्या जागेपाशी नाहीशी झाली होती. तिथे मणी दबलाच नव्हता. आणि नेमक्या तिथूनच काजळीचा पंखा बाहेरच्या कडेपर्यंत पसरला होता. पॅकिंगमध्ये काहीही दोष नव्हता. त्या कोपऱ्यात त्याला कोणी दाबून धरलंच नव्हतं.

जानेवारीत काढलेलं ते सिलिकॉनवालं पॅकिंग असंच पाहिलं असतं, तर हेच तेव्हा दिसलं असतं. भुकटी नेमकी चौथ्या पोर्टलाच झाली होती. ते मी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

दोन गोष्टी तपासायच्या होत्या, दाबणारा आणि ज्याच्यावर दाबलं जातं तो. आधी दाबणारा. खालच्या कोपऱ्यातल्या त्या स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावला. स्टड लोण्यासारखा फिरून बाहेर आला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची वेटोळी आणि करडी इपॉक्सी लुगदी होती. हेडमधले आटे केव्हातरी निघून आले होते आणि स्टड लुगदीत बसवला होता. लुगदी थंड असताना दगडासारखी असते, म्हणून माझ्या हाताला नट घट्ट लागला. पोर्टच्या उष्णतेने ती मऊ पडली आणि स्टड केसभर बाहेर सरकला. नवं पॅकिंग तेवीस दिवस टिकलं ते या लुगदीच्या जोरावर. नट टॉर्क पान्याने आवळला असता तर २३ न्यूटन मीटरचा टिक आवाज आलाच नसता, स्टड फिरत राहिला असता आणि मला त्याच दिवशी कळलं असतं. अडचणीच्या जागेसाठी टॉर्क पान्याला लावायचा एक्स्टेन्शन आणि सांधा गॅरेजात होता. तो आणायला मी उठलो नाही.

मग दुसरी गोष्ट. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि फीलर गेज, म्हणजे मोजून ठरवलेल्या जाडीची पाती, सरकवत गेलो. तिसऱ्या पोर्टपर्यंत ०.०५ चं पातंही जात नव्हतं. चौथ्याच्या खाली ०.२५ मिलिमीटरचं पातं आत गेलं. या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा ०.१० आहे. हेडचं तोंड पाहिलं, ते सगळीकडे ०.०४ च्या आत, म्हणजे ठीक. एका टोकाला स्टड धरत नसताना मॅनिफोल्ड महिनोन्‌महिने तापत-थंड होत राहिला, त्यातून ते टोक वाकलं असावं. म्हणजे नुसता स्टड दुरुस्त करून पुन्हा नवं पॅकिंग घातलं असतं, तरी तिसरी गळती वाट बघतच होती.

पोराने आणखी एक सुचवलं. बाजारात ग्रॅफाइटचं जाड पॅकिंग मिळतं, ते घालू, वाकडेपणा भरून काढेल. हा विचार अगदीच चुकीचा नाही. ग्रॅफाइट उंचसखलपणा पोलादी पॅकिंगपेक्षा जास्त पचवतं, आणि घाटात अडकलेल्या गाडीला मी ते घातलंही असतं. पण पाव मिलिमीटरचा वाकडेपणा भरायला तिथे ग्रॅफाइट सैल राहणार आणि दुसऱ्या टोकाला चेपून जाणार. सैल ग्रॅफाइटला गरम गॅस हळूहळू खातो. आणि नट आवळून वाकडा मॅनिफोल्ड सरळ करायला गेलो तर ओतीव लोखंड आहे, नट बसतो त्या कानाशी तडकतं.

शिवाजी उद्यमनगर, ही कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत, जवळ असण्याचं सुख अशा वेळी कळतं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्ड सरफेस ग्राइंडरवर घेतला. चारही पोर्टांची तोंडं एका पातळीत येईपर्यंत ०.३ मिलिमीटर धातू गेला. वर्कशॉपवाल्या मामांनी ग्राइंडरवर घेण्याआधी तोंडावर निळी लावून घासून दाखवलं, चौथ्या पोर्टची खालची कड निळीच राहिली. काम झाल्यावर पुन्हा लावली, तेव्हा चारही सारखी पुसली गेली. हेडमधल्या उडालेल्या भोकात हेलिकॉइल बसवली, म्हणजे पोलादी तारेच्या वेटोळ्यांचे नवे आटे. ड्रिल सरळ राहावं म्हणून मॅनिफोल्डचंच भोक मार्गदर्शक म्हणून वापरलं, त्यात बुश घालून. ड्रिलला ग्रीस लावलं, म्हणजे कीस त्याला चिकटून येतो. शिवाय पोर्टमध्ये कापड कोंबलं होतं. काम झाल्यावर ते आठवणीने काढायचं असतं, म्हणून त्याला लांब लाल पट्टी बांधून ती बॉनेटला अडकवली होती.

काय नवं घातलं, काय ठेवलं

मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं, पोलादी. तीन आठवड्यांचं जुनं बाजूला. तोंड सपाट झाल्यावर पोलादी मण्याला हवी तशी जागा मिळते, मग ग्रॅफाइट कशाला? पॅकिंगला कुठलीही पेस्ट नाही, तेल नाही, कोरडंच.

नट सगळे नवे, तांब्याचा मुलामा असलेले, धातूचेच लॉक असलेले. नायलॉनची कडी असलेले लॉक नट इथे चालत नाहीत, नायलॉन वितळतं. स्टड दोन बदलले, उरलेल्यांचे आटे स्वच्छ होते. स्टडच्या आट्यांना गंज न धरणारी पेस्ट लावायचा मोह समुद्राकाठच्या गाडीत फार होतो. पण मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांचा आहे. पेस्टने घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. नव्या हेलिकॉइलवर मला तो जास्तीचा ताण नको होता.

खालची गोल रिंग मात्र परत बसवली. यावर काही जण नाराज होतील, म्हणून कारण देतो. ही रिंग म्हणजे बारीक तारेची जाळी आणि ग्रॅफाइट दाबून केलेली कडी. पाइपचं गोलसर तोंड तिच्यावर बसतं आणि दोन बोल्ट स्प्रिंगमधून तिला दाबून धरतात. इंजिन आडवं बसवलेलं असतं, ते गिअर टाकताना, ब्रेक मारताना पुढेमागे डुलतं, आणि हा जोड त्याच्याबरोबर वाकतो. इथे राखण करतात त्या स्प्रिंगा, रिंगेचा मणी नव्हे. रिंग तीन आठवड्यांची होती, साबणाला कोरडी होती, कडेला एकही टवका उडालेला नव्हता, आणि काढताना मी तिच्यावर खूण केली होती ती त्याच दिशेने परत बसवायला. स्प्रिंगा मात्र मूळच्या, गंजलेल्या. एकीची मोकळी लांबी दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर कमी भरली. बोल्ट आणि स्प्रिंगा दोन्ही नव्या घातल्या. हीच रिंग वर्षाची असती तर फेकली असती. टवका असता तर तीन दिवसांची असली तरी फेकली असती.

कन्व्हर्टरच्या मागे सपाट पॅकिंगचा एक जोड आहे. तो उघडलाच नाही. कोरडा जोड सायलेन्सरच्या कामात उघडू नये, विशेषतः कोकणातल्या गाडीचा, कारण गंजलेले बोल्ट तुटले की एका कामाची तीन कामं होतात. तो उघडावाच लागला असता तर? पत्र्याचं, अखंड पॅकिंग असेल तर नवं मिळेपर्यंत तिथे परत बसवायला माझी हरकत नसते. तिथे गॅस थंड झालेला असतो, दाबाचे ठोके मंदावलेले असतात आणि पुढे सेन्सर नसतो. नुसते पाइप एकमेकांत सरकवून वरून क्लँप लावतात त्या जोडांना तर पॅकिंग नसतंच. तिथे सायलेन्सरची पेस्ट चालते. त्यात बहुतेक वेळा सोडियम सिलिकेट असतं, ते उष्णतेने कडक होतं. तीच पेस्ट मॅनिफोल्डवर लावली की तडकते.

मोटरसायकलवाले विचारतात, बेंड पाइपच्या तोंडाची तांब्याची कडी परत चालते का. तांबं दाबून कडक होतं. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं, तांब्याचा गुण लोखंडाच्या उलट आहे. कडी पातळ झालेली नसेल तर असं करून एकदा चालवता येते. पण नवी कडी इतकी स्वस्त असते की रस्त्यात अडकल्याशिवाय मी हे करत नाही.

आणि कोणी जुनी जीप किंवा तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाडी उघडणार असेल, तर तिचं करडं, तंतुमय पॅकिंग कोरडं खरवडू नका. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून, ओलं ठेवून काढा, हवेचा पाइप मारू नका, वायर ब्रश लावू नका. माझ्या गुरूंनी आयुष्यभर ते फुंकून साफ केलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आवळणं आणि नंतरचे आकडे

नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले, १०, १७, २३ न्यूटन मीटर. टोकापासून सुरुवात केली तर मॅनिफोल्ड मध्ये कमानीसारखा अडकतो आणि सरकायला जागा राहत नाही. खालच्या कोपऱ्यातल्या नटाला या वेळी एक्स्टेन्शन आणि सांधा लावला. टिक ऐकू आली, आणि ती पोरालाही ऐकवली. प्रत्येक नटावरून मॅनिफोल्डवर पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारली.

ब्लोअर, साबण, कुठेही फेस नाही. मग गाडी घेऊन शहराबाहेरच्या कात्यायनीच्या देवळापर्यंत गेलो, परत आलो, पूर्ण थंड होऊ दिली, पुन्हा साबण. तीन वेळा. तिसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन चालू केलं, टकटक नव्हती. केबिनमध्ये पंधरा मिनिटांनी शून्य. ट्रिम अधिक ३ वर थांबली.

सर न्यायला आले तेव्हा बिल समोर ठेवलं. पॅकिंग ४२०, नट, स्टड, स्प्रिंगा मिळून ५८०, ग्राइंडिंग ६००, हेलिकॉइल ४५०. मजुरी घेतली नाही, आणि जानेवारीच्या पॅकिंगचे पैसे यातून वजा केले. ते काम माझं अर्धं राहिलं होतं. ४२० रुपयांचं पॅकिंग वाचवायला ते परत बसवणं वेडेपणाचं आहे, हे सगळ्यांना पटतं. पण ४२० रुपयांचं नवं पॅकिंग घातलं म्हणून दहा मिनिटांची पट्टी आणि पातं वाचवणं हा तोच वेडेपणा आहे, आणि तो मी केला होता. सरांना तसंच सांगितलं. त्यांनी काजळीचा पंखा असलेलं ते पॅकिंग मागून घेतलं, नववीच्या वर्गात दाब शिकवताना दाखवायला. वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलं.

मार्चअखेर ११०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा बोलावलं होतं, पण त्याच्या चार दिवस आधीच सर आले. आवाज परत आला होता. आजी गाडीत होत्या, काच पूर्ण खाली करून बसलेल्या. मी बॉनेट उघडलं, पांढऱ्या रेघा पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी. इंजिन रेस केलं तर पत्रा वाजल्यासारखा आवाज, चढाशी त्याचा काही संबंध नाही, गरम झाल्यावरही तसाच. हीट शील्डचा, म्हणजे मॅनिफोल्डची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, एक बोल्ट गंजून तुटला होता. नवा लावला, खाली रुंद वायसर घातला, आवाज बंद.

आजींना हे मी परोपरीने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो मीटर दी आधी." पंधरा मिनिटं तो मांडीवर ठेवून, चष्मा लावून त्या आकड्याकडे बघत बसल्या. शून्य हललं नाही, तेव्हा काच वर केली.